मदत हवी आहे: नववीची सहल नेपाळला, लेकीचा पंधरावा वाढदिवस पोखऱ्यात, मग कागद कुठला द्यायचा?

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. शुक्रवारपर्यंत संमतीपत्रावर सही करून द्यायचीय आणि घरात अजून दोन तट आहेत.

लेक नववीत. शाळेची सहल म्हणजे आजवर गणपतीपुळे, फार तर हंपी-बदामी. यंदा एकदम नेपाळ. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी निघायचं, कोल्हापूर ते कल्याण बस, तिथून गोरखपूरपर्यंत रेल्वे, आणि मग पुढचं सगळं बसनंच, सोनौलीच्या सीमेवरून आत, लुंबिनी, पोखरा, काठमांडू, चितवन आणि परत सोनौली. एकूण बारा दिवस, ४२ पोरं, पाच शिक्षक, त्यात बाई दोनच. पैसे भरायला आमची ना नाही, हे गोकुळ शिरगावला फाउंड्रीत आहेत, दिवाळीचा बोनस तिकडं जाईल एवढंच.

अडचण कागदाची. शाळेच्या सूचनेत लिहिलंय "आधारकार्डाच्या दोन झेरॉक्स". आता ऑफिसातली मैत्रीण म्हणाली की नेपाळला पंधरा वर्षांवरच्यांना आधार चालत नाही. आमची निघताना चौदाची आणि सहाव्या दिवशी, म्हणजे पोखऱ्यात, बरोबर पंधराची होणार! म्हणजे जाताना आधारवर जाणार आणि येताना त्याच आधारवर अडकणार की काय? सरांना विचारलं तर म्हणाले "अहो ताई, तिथं कोण एवढं बघतंय". हे उत्तर ऐकल्यापासून मला जास्तच भ्या वाटायला लागलंय.

दुसरं म्हणजे तिला बस लागते. साधा गगनबावड्याचा घाट उतरताना तीन पिशव्या लागतात. पुढच्या सीटवर मैत्रिणी बसू देणार नाहीत कारण मागच्या सीटवर गाणी असतात, आणि ही मागं बसली की संपलंच. त्यात पाळीची तारीखही त्याच आठवड्यात येतेय, रस्त्यात बस थांबवायची तर सरांना सांगायला पोरी लाजतात, मी पण लाजायचे.

आणि तिसरं, सासूबाई. त्यांनी २०२४ ची जळगावकडच्या भाविकांची बस नदीत कोसळलेली बातमी तेव्हा टीव्हीवर दिवसभर बघितली होती, त्यामुळे "नेपाळ" म्हटलं की त्या उठून देवघरात जातात. २०२५ मध्ये काठमांडूत जाळपोळ झाली, विमानतळ बंद पडला, ते पण त्यांच्या लक्षात आहे. लेक मात्र रोज फोनवर फेवा तलाव दाखवते, म्हणे "आई, रंकाळ्यापेक्षा मोठाय". मी म्हटलं असू दे, तिथं भेळ मिळणार नाही.

कुणी पोरांना घेऊन त्या रस्त्यानं गेलंय का? पाठवू की नको? खरं सांगा, धीर देण्यासाठी सांगू नका.

— रंकाळाकाठची

सीमेपलीकडचा:
ताई, कागदाचं तुमच्या मैत्रिणीचं बरोबर आहे. १५ च्या आतल्या आणि ६५ च्या पुढच्यांना फोटो असलेलं कुठलंही सरकारी ओळखपत्र चालतं, आधारसुद्धा. मधल्या सगळ्यांना पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र. आता पोरांकडं मतदार कार्ड कुठून येणार, म्हणून १५ ते १८ वाल्यांसाठी मुख्याध्यापकांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेलं ओळखीचं प्रमाणपत्र चालतं. नमुना ठरलेला आहे बरं का, बोनाफाईडवर शिक्का मारून भागवायचं नाही. नववी म्हणजे अर्धा वर्ग चौदाचा आणि अर्धा पंधराचा, तेव्हा हा प्रश्न एकट्या तुमचा नाही, शाळेनं सगळ्या ४२ जणांची प्रमाणपत्रं काढली तर कुणाचा वाढदिवस कधी हे बघायचीच गरज नाही.

आणि शिक्षकांचं पण विचारा. आमच्या वेळी पोरांचे कागद चोख आणि एका सरांकडंच फक्त आधार, त्यांच्यापायी अख्खी बस सोनौलीला दोन तास उभी. कोण बघतंय म्हणणारे बघितल्यावर पहिले घाबरतात.

तांबडा_जास्त:
पासपोर्टच काढून टाका की. कोल्हापुरातच पोस्टात होतोय, पुण्याला जायची गरज नाही. लहान मुलांची फी १००० रुपये आणि आईबाप दोघांच्या सह्यांचा अनेक्शर डी नावाचा फॉर्म. पुढं पण उपयोगाला येतोय. फक्त दिवाळीच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागला तर प्रमाणपत्र हाताशी असू दे.

घाटमाथा:
बस लागण्याबद्दल मी बोलतो, कारण मी स्वतः गाडी बघितली तरी ओकणारा माणूस आहे. बुटवलपासून पोखऱ्यापर्यंतचा सिद्धार्थ महामार्ग म्हणजे पाल्प्याच्या डोंगरातून नुसती वळणं, किलोमीटर बघून फसू नका, दिवस जातो. पोखरा-काठमांडू २०० किलोमीटरच आहे पण तिथंही सकाळी निघून संध्याकाळच. गोळी (अवोमिन वगैरे, पण डॉक्टरांना एकदा विचारून, वजनाप्रमाणं) निघायच्या एक-दोन तास आधी घ्यायची असते, लोक ओकारी आल्यावर घेतात आणि मग गोळीला शिव्या देतात. मागच्या चाकावरची सीट अजिबात नको, मोबाईल बघायचा नाही, सकाळी अगदी उपाशीपोटी पण बसवू नका, कोरडं काहीतरी. आलेपाक माझ्यावर काम करतो, बायको म्हणते ते मनाचं समाधान आहे.

सीमेपलीकडचा:
सासूबाईंच्या मुद्द्याला हसू नका. ती भुसावळकडची बस पोखऱ्याहून काठमांडूला जाताना मर्स्यांगदी नदीत गेली, ऑगस्टमध्ये. त्याच्या महिनाभर आधी, जुलैत, सिमलतालला दरड येऊन दोन बसा त्रिशूली नदीत गेल्या. दोन्ही पावसाळ्यातल्या गोष्टी. नोव्हेंबरात डोंगर कोरडा असतो, हवा स्वच्छ, माच्छापुच्छ्रे शिखर समोर दिसतं, त्या दृष्टीनं महिना चांगला निवडलाय. पण रस्ता तोच आहे, खाली नदी तीच आहे. शाळेला एकच अट घाला, अंधार पडल्यावर डोंगरात बस चालवायची नाही आणि ड्रायव्हर दोन पाहिजेत. इथली बस नेली तर तिचा भन्सार (नेपाळचा सीमाकर) भरावा लागतो, दिवसावर असतो, तो वाचवायला म्हणून एजंट दिवस कमी करून रात्रीचं पळवतात. खरी गोम तिथं आहे. वेळापत्रकात "रात्रीचा प्रवास" असं दिसलं तर सही करू नका.

कणेरीची_सून:
पाळीचं मी सांगते. माझी पुतणी गेली होती अशाच सहलीला (नेपाळ नव्हे, राजस्थान). आम्ही बाईंना आधीच भेटून सांगितलं की दर दोन-अडीच तासांनी बस थांबायचीच, कुणी मागितलं म्हणून नाही, ठरलेलं म्हणून. मग पोरींना हात वर करायला लागत नाही. पॅड इथूनच न्या, आणि कागदी पिशव्या, काळ्या नको, आत काय आहे ते सगळ्यांनाच कळतं काळ्या पिशवीत.
४२ पोरांत मुली किती आहेत? दोन बाई कमी वाटतात मला.

तांबडा_जास्त:
एक राहिलं, सगळे नेपाळचंच बोलताय. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी गोरखपूरची रेल्वे?? छठ विसरलात का? दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ, अख्खी मुंबई त्या गाड्यांनी घरी जाते. रिझर्वेशन असलं तरी डब्यात पाय ठेवायला जागा नसते, संडासापर्यंत माणसं. आणि तुम्ही परत येताना तीच माणसं मुंबईला परत येणार. तिकिटं कन्फर्म आहेत का ते आजच विचारा, वेटिंगवर पोरं घेऊन चढायचा विषयच नाही.

पन्हाळा_पायी:
लई घाबरवलं ताईंना 😄 थोडं चांगलं पण सांगतो. पोरं नाद खुळा मजा करतात. घड्याळ १५ मिनिटं पुढं करायचं एवढ्यावर आमची पोरं अर्धा तास भांडत होती. आपला एक रुपया म्हणजे तिकडचे एक साठ, हिशेब सोपा. शंभरच्या आणि त्याखालच्या नोटा द्या, पाचशेची घेऊन आमची पोरं दुकानात उभी राहिली होती. आपलं सिम तिकडं रोमिंगशिवाय चालत नाही, सरांच्या एका फोनवर रोमिंग टाकून रोज रात्री ग्रुपवर एक मेसेज असं ठरवा. डाळभात सगळीकडं मिळतो, तिखट नसतो, चटणी आणि भडंग डब्यातून द्या. आणि मोमो विचारून खायचा, बफ म्हणजे म्हशीचं, आमच्या एका पोरानं दोन प्लेटा खाल्ल्यावर अर्थ विचारला.

रंकाळाकाठची:
सगळ्यांचे आभार. आज शाळेत जाऊन आले. छठचं नाव काढल्यावर सर गप्पच झाले, जाण्याची तिकिटं कन्फर्म आहेत, येतानाची अजून वेटिंगवर! शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आलीय का विचारलं तर "प्रोसेसमध्ये" आहे म्हणे. प्रमाणपत्राचं मात्र मुख्याध्यापिकांनी लगेच मान्य केलं, त्यांना खरंच माहीत नव्हतं, नमुना मागवतो म्हणाल्या, सगळ्यांसाठी. तिसऱ्या बाईंचं पण बघते म्हणाल्या.

सासूबाईंना रात्री बस चालणार नाही असं लेखी घेणार आहे हे सांगितलं. त्यांनी विचारलं "लेखी कुठल्या भाषेत, नेपाळी की मराठी?" मला अजून कळलं नाही त्या चेष्टा करत होत्या की नाही.

सही अजून केलेली नाही, येतानाची तिकिटं हातात आल्याशिवाय करणार नाही. पासपोर्टची अपॉइंटमेंट टाकलीय. अनेक्शर डी वर ह्यांची सही आज रात्री घेते, ते सेकंड शिफ्टला आहेत. कुणाला माहीत असेल तर एवढंच सांगा, जन्मदाखल्यावर तिचं नाव मराठीत आणि आधारवर स्पेलिंग वेगळं आहे, ते आधी दुरुस्त करावं लागेल का?