यीस्ट दाबानं मरतं का ऑक्सिजननं?
दादा, तुम्ही म्हणायलात की हवेचा दाब वाढवला की यीस्ट चिरडून मरतं, पण तसं नाही हो, गॅस पेशीच्या आतही विरघळतो, चारपाच बारनं (1 बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब) ती फुटत नाही, खरा त्रास ऑक्सिजनचा. एकूण 5 बार हवेत ऑक्सिजनच जवळपास 1 बार, म्हणजे साध्या दाबाला शुद्ध ऑक्सिजन दिल्यासारखं! मग पेशीच्या आत सुपरऑक्साइड, पेरॉक्साइड ही इजा करणारी ऑक्सिजनची रूपं वाढतात अन् यॅप1 नावाचं प्रोटीन केंद्रकात जमा होऊन बचावाचे जीन चालू करतं, ग्लुटाथायोन वगैरे ती इजा रोखणारी द्रव्यं तिथूनच. याला वेळ लागतो, म्हणून दाब हळूहळू चढवलेला बरा. आपल्या लातूर-नांदेडकडं मळी आंबवायच्या बंद टाकीत मात्र सीओटू (कार्बन डायऑक्साइड) साचतो, आणि तेवढ्याच दाबाला तो नायट्रोजनपेक्षा यीस्टला लय जास्त नडतो. तुमच्या टाकीत नेमका कोणता गॅस आहे ते आधी सांगा की.