व्याधाचा जोडीदार: आयपीसमध्ये पट्टी लावली तर दिसेल का?

होटगीरोडकर
८ इंची डॉबसोनियन (साध्या लाकडी बैठकीवरची आरशाची दुर्बीण) आहे, गच्चीवरून बघतो. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात ताऱ्याला आडोसा धरून शेजारचा ग्रह टिपतात, हे वाचल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय. आयपीसमध्ये (डोळा लावतो त्या भिंगात) फॉइलची पट्टी लावून व्याध झाकला, तर त्याचा श्वेतबटू (विझत चाललेला छोटा तारा) जोडीदार दिसेल का? आणि ती मंडळी अवरक्तच का वापरतात?

आरसेघाशा
पट्टी लाव की, पण नुसत्या तिच्यावर भिस्त नको. आरशाच्या कडेवर आणि स्पायडरच्या (दुय्यम आरसा धरणाऱ्या) पात्यांवर विवर्तन होऊन, म्हणजे कडेशी प्रकाश वळून, उजेड आधीच पसरलेला असतो, तो पट्टीच्या बाजूनं येतोच. १९३० च्या सुमारास फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ बर्नार लिओनं ग्रहणाशिवाय सूर्याचा करोना (भोवतीचं फिकट तेजोवलय) बघायला करोनाग्राफ केला. माझ्या मते त्याची खरी हुशारी सूर्य झाकण्यात नाही, पुढच्या पायरीत आहे. आडोशामागे मुख्य भिंगाची प्रतिमा पुन्हा पाडली की उरलेला उजेड तिच्या कडेला चादरीच्या काठासारखा गोळा होतो. तिथं जरा लहान भोकाची चकती ठेवून तो काठच छाटायचा. वेबमध्येही तेच तत्त्व आहे. तुझ्या आयपीसमध्ये ही दुसरी पायरी कुठाय?

जोडीदार ८.४ प्रतीचा (आकडा मोठा तितका तारा मंद), म्हणजे एरवी ८ इंचीला हातचा मळ. पण शेजारी दहा हजार पट तेजस्वी व्याध, अंतर जेमतेम ११ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). तुझ्या डॉबची पाती मी बघितलीत, लई जाड आहेत. त्यांच्यामुळं व्याधाला फुटणारा एखादा किरण नेमका जोडीदारावर पडला तर बसलास बोंबलत.

रात्रपाळी
अवरक्ताचं मी सांगतो. दृश्य प्रकाशात सूर्य गुरूपेक्षा साधारण अब्जपट तेजस्वी. पण नुकते जन्मलेले ग्रह स्वतःच्या उष्णतेनं तापलेले असतात, अवरक्तात ते स्वतः चमकतात आणि ही दरी लाखाच्या घरात येते. एचआर ८७९९ या ताऱ्याभोवतीचे ग्रह २००८ मध्ये असेच जमिनीवरच्या दुर्बिणींतून टिपले. तोटा एकच, तरंगलांबी वाढली की ताऱ्याचा ठिपकाही फुगतो. ११ मायक्रॉनला वेबच्या साडेसहा मीटर आरशाची भेदनक्षमता (दोन ठिपके वेगळे दिसायला लागणारं किमान अंतर) ०.४ आर्कसेकंद, दृश्य प्रकाशात तुमच्या ८ इंचीची ०.७. कागदावर बरं का, आपल्या हवेत नाही.

होटगीरोडकर
मग मी करू काय?

आरसेघाशा
नळीच्या तोंडावर पुठ्ठ्याचा षटकोनी मुखवटा लाव. सहा किरण निघतील, मधे काळ्या फटी पडतील. जोडीदार सध्या पूर्वेला, किंचित उत्तरेकडे आहे. मुखवटा फिरवून फट तिथं आण. पट्टी लावायचीच तर आयपीसच्या फील्ड स्टॉपवर (दिसणाऱ्या वर्तुळाची कड ठरवणाऱ्या कड्यावर), नाहीतर तिची कड धूसर दिसेल. साध्या प्लॉसल प्रकारच्या आयपीसमध्ये तिथं हात पोचतो. तेही नको असेल तर दुर्बीण हलवू नको, व्याधाला दिसणाऱ्या वर्तुळाच्या कडेबाहेर सरकू दे. जोडीदार मागून येतो, पाऊण सेकंदभर एकटा सापडतो.

सोलापुरातून व्याध ५५ अंशांपर्यंत चढतो, युरोपवाल्यांना हे सुख नाही. तो दक्षिणेला माथ्यावर असतानाच बघ. आणि दिवसभर तापलेल्या गच्चीवरून नको, खाली मातीत उतर.

होटगीरोडकर
षटकोन केवढा?

आरसेघाशा
टोकं आरशाच्या कडेला टेकतील एवढा. उजेड थोडा कमी होईल, होऊ दे.