जळगाव-पुणे विमानाला तास का लागतो

काहीजण विचारतात की जळगाव-पुणे सरळ रेषेत 320 किलोमीटरच्या आसपास, एटीआर (पंख्यांचं छोटं प्रवासी विमान) ताशी 500 किलोमीटरने जातं, मग 40 मिनिटांत का पोचत नाही? अहो तो स्पीड फक्त वर गेल्यावरचा, चढताना-उतरताना कमी असतो, शिवाय तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते ते पुण्यात पार्किंगला थांबेपर्यंत, आणि पुण्याचं लोहगाव विमानतळ हवाई दलाचं म्हणून तिथे उतरायचा नंबर लागेपर्यंत घिरट्या मारायला लागू शकतात. रस्त्याने अजिंठा घाट, संभाजीनगर करत 400 किलोमीटर, सात-आठ तास. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला तसं नेलंय मी, फार हाल झाले तिचे. म्हातारी माणसं असतील तर विमानच बघा.