घेतलेली पुस्तकं दाखवायची की वाचलेली?

अर्धवट_वाचक
डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव झाला की पुढचे पंधरा दिवस आपल्याकडे फोटोंचा पूर येतो. पलंगावर चादर अंथरून पुस्तकं पत्त्यांसारखी मांडलेली आणि वर "यंदाची लूट". मग १ जानेवारीला संकल्प, वर्षात ५२ पुस्तकं, म्हणजे आठवड्याला एक, जणू रतीबच लावलाय.
आधीच सांगतो, मीही त्यातलाच. मागच्या वेळी १४ आणली, फोटो टाकला, भरपूर बदाम मिळाले, आणि काल कपाट आवरताना बघितलं तर वाचून झालेली ४. पाचव्यात पान ३७ वर पीएमटीचं तिकीट अडकलेलं. दोन तर अजून प्लॅस्टिकमधून बाहेरच काढली नाहीयेत.
तर माझं म्हणणं असं की आणलेली पुस्तकं दाखवणं बंद करूया, वाचून झालेली दाखवूया. फोटो टाकला की "वा, काय चोखंदळ आहात" वगैरे ऐकायला मिळतं आणि पुस्तक वाचल्याचं निम्मं समाधान तिथंच मिळून जातं, मग वाचायची घाई कशाला. हाणा आता.

दापोलीवाली
हाणतेच. तुम्ही पुण्यात बसून बोलताय, अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारली की पिशवी भरते तुमची. आमच्याकडे पुस्तकाचं दुकान म्हणजे वह्या, गाईडं, पोथ्या आणि फिरत्या स्टँडवर 'यशस्वी कसे व्हाल' छापाची तीच ती दहा पुस्तकं. काय नवं आलंय, काय जुनं परत छापलंय, हे मला कळतं ते असल्या फोटोंवरूनच. झूम करून, मान वाकडी करून कण्यावरची नावं वाचते मी.
'रणांगण' मला अशीच सापडली. १९३९ ची कादंबरी, पण आमच्या कॉलेजात कुणी नाव काढलं नव्हतं. कुणाच्या तरी फोटोत दोन जाडजूड पुस्तकांमधे चेपून बसली होती. मागवली आणि एका रात्रीत संपवली, सकाळी डोळे सुजलेले बघून आई म्हणाली भांडण झालं का कुणाशी. आता ज्याने तो फोटो टाकला त्याने ती वाचली की नाही मला काय करायचंय हो?

फर्मा_मोजणारा
दापोलीताईंना माझं मत. मी एका छोट्या प्रकाशनाकडे विक्रीचं काम बघतो. पूर्वी हजाराची आवृत्ती काढायचे, आता बऱ्याचदा पाचशेचीच, आणि ती संपायलासुद्धा वर्षं जातात. तुम्ही पुस्तक वाचताय की त्यावर चहाचा कप ठेवताय याने आमचं काही अडत नाही, स्पष्टच सांगतो. अडतं ते पुस्तक आहे हेच लोकांना माहीत नसतं तिथं.
आणि माहीत झालं तरी पोचवायचं कसं? पुस्तकं स्वस्तात पाठवायचं रजिस्टर्ड बुक पोस्ट टपाल खात्याने डिसेंबर २०२४ मध्ये बंद केलं. दीडशेच्या पुस्तकाला पोस्टेज किती लावणार, गिऱ्हाईक रक्कम ऐकूनच "नंतर कळवतो" म्हणायचं. १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आलं, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोला १००, तेव्हा जरा श्वास घेतला. पण मधले ते चार-पाच महिने विचारू नका. त्या काळात एका बाईंनी आमच्या एका कवितासंग्रहाचा फोटो टाकला, तर आठवड्यात ११ प्रती गेल्या. कवितासंग्रहाच्या! आमच्याकडे पेढे वाटायचेच बाकी होते.

अर्धवट_वाचक
११ गेल्या हे बरंच झालं, पण त्या ११ पैकी वाचल्या किती?

फर्मा_मोजणारा
कवितासंग्रह आहे साहेब, कुठलंही पान उघडलं तरी वाचला म्हणता येतं.

शिक्का_तारीख
मी तालुक्याच्या वाचनालयात आहे, त्यामुळे माझं तिसरंच. दाखवू पण नका आणि एवढं विकत पण घेऊ नका. पाच-सहा घरं अशी असतात दरवर्षी, की आजोबा गेले, फ्लॅट विकायचाय, तर मुलं रिक्षात भरून पुस्तकं आणून टाकतात आमच्या दारात. "देणगी" म्हणतात. निम्म्यांना कसर लागलेली, उरलेल्यांत आमच्याकडे आधीच चार चार प्रती असलेलीच पुस्तकं. नको म्हटलं की लोकांना राग येतो, रद्दीवाल्याकडे न्यायला जीव होत नाही ना, म्हणून ते काम आमच्याकडून करून घेतात.
आणि दुसऱ्या बाजूला आमच्या कपाटांतली चांगली पुस्तकं बघा, मागच्या पानावर तारखांची चिठ्ठी असते, तिच्यावर शेवटचा शिक्का २०११ चा. महिन्याची वर्गणी एका भेळेएवढी आहे. परत करायची तारीख असली की माणूस वाचतो, हा माझा अनुभव आहे, विकत घेतलेलं कुठं पळून जातंय.

दापोलीवाली
हे तारखेचं पटलं. पण ताई, तुमच्याकडे नवं पुस्तक येतं कधी? आमच्याकडे अनुदान आलं की येतं, आणि अनुदान कधी येतं ते विचारू नका.

शिक्का_तारीख
त्यावर मी बोलत नाही, पगार पण त्यातूनच होतो :)

अडगळ_मंडळ
नेमाड्यांच्या 'हिंदू' कादंबरीचं उपशीर्षक 'जगण्याची समृद्ध अडगळ' असं आहे. २०१० मध्ये आली तेव्हाच घेतलेली आहे. तेव्हापासून ती माझ्या कपाटात बसून उपशीर्षक सार्थ करतेय. बाकी चालू द्या.

तेवीस_किलो
मी गेली नऊ वर्षं टोरांटोला. बॅगेत २३ किलोची मर्यादा, त्यात आई भाजणी, मेतकूट, गोडा मसाला घेऊन उभी आणि मी पुस्तकं घेऊन, आणि मधे बाबा तो हातात धरायचा वजनकाटा घेऊन "२४.३, एक काहीतरी काढा". दरवेळी पुस्तकच निघतं. त्यामुळे जे इथपर्यंत येतं ते वाचलं जातंच, अर्धवटराव, तुम्ही पण सगळं बॅगेत भरून एकदा वजन करून बघा.
पण मला मुद्दा मांडायचाय तो संकल्पाबद्दल. संकल्प जाहीर करून काही होत नाही हे मला मान्य नाही. ५२ वगैरे आकडा फुकाचा, ते सोडा. आम्ही तिघांनी लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचायचं ठरवलं, मूळचे चार भाग, महिन्याला एक, आणि रविवारी फोन. पहिल्या महिन्यात मी थापा मारल्या. दुसऱ्यात मैत्रिणीने सरळ विचारलं, लक्ष्मीबाईंचे पती टिळक घर सोडून गेले तेव्हा काय झालं सांग बरं. गप्प बसलो. त्यानंतर मुकाट्याने वाचलं आणि डिसेंबरात पूर्ण केलं. बदाम देणारे दोनशे असतात हो, विचारणारा एक पाहिजे.

अर्धवट_वाचक
हे मात्र लागलं. माझ्या १४ पुस्तकांच्या फोटोखाली एकानेही नंतर विचारलं नाही की बाबा रे, पुढे काय झालं. मीही कुणाला विचारलं नाही.
तरी माझा मुद्दा सोडत नाही, हे बघा. मागच्या महिन्यात फुटपाथवरून एक जुनी कादंबरी घेतली, ५० रुपये. पहिल्या पानावर निळ्या शाईत "चि. सौ. कां. हिस वाढदिवसाचे सप्रेम", खाली १९७८. अक्षर काय सुंदर. वाचत गेलो आणि पान ९६ नंतर पुढचं पान उलटेचना. नीट बघितलं तर बाइंडिंगवाल्याकडून तो अख्खा फर्मा कापायचा राहिलेला, १६ पानं वरून जोडलेली. म्हणजे १९७८ पासून आजपर्यंत ही कादंबरी ९६ च्या पुढे कुणीही वाचलेली नाही! कौतुकाने दिलं, कौतुकाने घेतलं, कपाटात मिरवलं असणार. पपई कापायच्या सुरीने कापली शेवटी मी ती पानं.

दापोलीवाली
अहो पण कुणीतरी ते घेतलं, जपलं, वाळवी लागू दिली नाही, म्हणून तर तुमच्या हातात आलं ना ५० रुपयांत? न वाचता सांभाळणारे पण लागतात.

शिक्का_तारीख
मग वाचलंत का पुढे?

अर्धवट_वाचक
पान ११२ पर्यंत. म्हणजे कापलेला फर्मा संपेपर्यंत.