पिकअपचा दम घाटातच का जातो? फिल्टर पोकळ करणाऱ्याला बोल लावायचा की कंपनीला?

वाईकर_पिकअप

गाडी बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमातली, दीड टन भरणारी, हप्ते अजून चालू. वाईतून पाचगणीच्या हॉटेलांना किराणा आणि भाजी पोचवतो. पसरणी घाटात भरल्या गाडीचा दम जातो. आधी पिवळा दिवा लागतो, मग पाय तळाला टेकवला तरी इंजिन उचलत नाही. मागं एसटी, तिच्यामागं पर्यटकांच्या गाड्यांची रांग, आणि मी दुसऱ्या गिअरमध्ये रांगतोय. हॉर्नचा नुसता कालवा. सर्व्हिस सेंटरला नेली की स्कॅनर लावतात, "डीपीएफ चोकअप" म्हणतात, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर तुंबला; उभ्या गाडीला रिजन मारतात, म्हणजे ती काजळी जाळतात, आणि बिल हातात देतात. वॉरंटीचं विचारलं की उत्तर ठरलेलं: तुमच्या चालवण्यामुळं होतंय.

ओळखीतल्या बऱ्याच जणांनी फिल्टर पोकळ करून वर मॅपिंग मारून घेतलंय, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून घेतलंय. मी अजून केलेलं नाही. पण त्यांना गुन्हेगार म्हणायला जीभ रेटत नाही. धूर कमी झाला पाहिजे हे मान्य. पण घाटात ऐन चढाला गाडीची ताकद काढून घ्यायची हे कुठल्या शहाण्यानं ठरवलं? दिवा लावा, बझर वाजवा, दोनेक दिवसांची मुदत द्या, मग काय आवळायचं ते आवळा. जोवर कंपनी अशी मुदत देत नाही आणि फिल्टरची जबाबदारी घेत नाही, तोवर फिल्टर काढणाऱ्याला बोल लावू नये असं माझं मत आहे. बोला.

तासगाव_रात्रपाळी

का लावू नये? लावायचाच. भावा, राग मानू नकोस, पण माझीपण बीएस-६ आहे. सीझनला द्राक्षं घेऊन रात्री वाशी, बाकी वर्षभर बेदाणा नाहीतर मिळेल तो माल. दिवा कसला असतो तो मी बघितलेला नाही. गाडी वेळेवर सर्व्हिसिंग करून चालवली तर काही होत नाही. लोक ऑईल बदलायला महिना महिना टाळतात, स्वस्तातलं ओततात आणि मग कंपनीच्या नावानं शिमगा.

दूधगाडी_पलूस

वाशीला जाणाऱ्यानं आम्हाला शिकवू नये. तुझी गाडी रात्रभर हायवेला एका दमात पळते, फिल्टर आपोआप भाजून निघतो. माझी लाईन दुधाची. या गावात केंद्रावर थांब, कॅन चढव, पुढच्या गावात परत तेच. गाडी चालूच ठेवावी लागते, कारण बंद-चालू करून स्टार्टर आणि बॅटरीची वाट लागते. ऊस हंगामात तर समोर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, ओव्हरटेकला जागा नाही. "साठच्या स्पीडनं सलग वीस मिनिटं चालवा" म्हणून पुस्तकात लिहिलंय. कुठं चालवू? दूध नासवून हायवेला चक्कर मारून येऊ का?

आणि हो, मी पोकळ करून घेतलंय. गाडी मस्त चालली आहे. लपवायचं काय त्यात.

तेरा_नंबर_पाना

कराडात गॅरेज आहे, दिवसभर ह्याच गाड्या येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे आणि वाईकरांच्या मुद्द्यात एक मोठी गल्लत आहे.

आधी फिल्टरचं. डीपीएफमध्ये काजळी अडकते. ती जाळायला सायलेंसरच्या आत साधारण सहाशे डिग्रीची धग लागते. हायवेला भरली गाडी पळाली की बरीचशी काजळी जाता जाता जळते. तासगावकरांचं रहस्य एवढंच, त्यात त्यांच्या सर्व्हिसिंगचा वाटा अर्धाच. गाडी रांगत राहिली तर काजळी साठते आणि मग कॉम्प्युटर स्वतः रिजन सुरू करतो, म्हणजे इंजिनात डिझेल उशिरा आणि जादा सोडतो, ते पुढं सायलेंसरकडं जाऊन जळतं आणि फिल्टर तापतो. नेमकं तेव्हाच एखादा थांब्यावर पोचतो आणि चावी फिरवून गाडी बंद करतो. रिजन अर्धवट. पुढच्या गावाला परत सुरू, परत अर्धवट. ते जादा डिझेल पूर्ण जळत नाही, थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं.

माझ्याकडं गाडी आली की मी स्कॅनरच्या आधी डिपस्टिक ओढतो. ऑईल कमी असतं तर समजू शकतो, पण इथं वरच्या खुणेच्याही वर असतं. बोटाला लावून चोळलं तर पाण्यासारखं पातळ, नाकाशी नेलं तर डिझेलचा भपकारा. मालक खूश असतो, "बघा, एक थेंब ऑईल खात नाही." अहो, खात नाही ते ठीक, पण वाढतंय कसं? असंच चालवलं तर बेअरिंग आणि टर्बोचा निकाल लागतो.

दुसरं, राख. काजळी जळते, राख जळत नाही. ती ऑईलमधल्या रसायनांची असते. म्हणून बीएस-६ ला कमी राखेचं ऑईल लागतं, कुठलं ते गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं. जुन्या गाडीचं उरलेलं ऑईल ह्यात ओतू नका. राखेनं भरलेला फिल्टर कितीही रिजन मारा, मोकळा होत नाही. तो उतरवून मशीनवर साफ करावा लागतो.

तिसरं, दर वेळी फिल्टरच दोषी नसतो. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब मोजणारा सेन्सर असतो, त्याला दोन रबरी पाइप जातात. उष्णतेनं ते तडकतात नाहीतर आत कचरा बसतो. सेन्सर चुकीचा दाब सांगतो, कॉम्प्युटरला वाटतं फिल्टर भरला, गाडी लिम्पला जाते, म्हणजे ताकद कापून नुसती रांगते. पाइप दोन बोटं लांबीचा, आणि त्यापायी लोकांनी अख्खे फिल्टर बदललेत. ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप, काजळीनं अडकला तरी पिकअप असाच जातो.

आता गल्लत. डीपीएफ भरल्यावर ताकद कापली जाते ती शिक्षा म्हणून नाही. फिल्टर तुंबलेला असताना इंजिनला पूर्ण जोर लावू दिला तर धूर बाहेर पडायला जागा नसते, टर्बोवर ताण येतो. शिवाय खच्चून भरलेली काजळी एकदम पेटली तर फिल्टर आतून वितळतो. ताकद कापून गाडी स्वतःला वाचवते. काही गाड्यांत धुरातले नायट्रोजन ऑक्साइड कमी करायला युरियाचं पाणी लागतं, ते संपल्यावर जी ताकद जाते किंवा गाडी परत स्टार्टच होत नाही, ती मात्र नियमाची सक्ती. दोन्ही एकाच तराजूत घालू नका.

घाटाला पण शिव्या देऊ नका. भरल्या गाडीनं चढ चढताना सायलेंसर चांगला तापतो, फिल्टरला ते मानवतं. काजळी साठते वाईच्या बाजारात तासभर चालू ठेवलेल्या गाडीत. घाटात फक्त कळतं.

वाईकर_पिकअप

पानासाहेब, माहिती एक नंबर. पण माझा प्रश्न तसाच राहिला. गाडी स्वतःला वाचवते, मला कोण वाचवणार? वळणावर उतारानं बस येत असताना माझी गाडी मेल्यासारखी झाली तर फिल्टर शाबूत आहे म्हणून मी समाधान मानायचं? आणि काजळी हळूहळू साठते म्हणता, म्हणजे कॉम्प्युटरला ते आधीपासून दिसत असणार. मग फिल्टर भरत आल्याचं आधीच का सांगत नाही? डिझेलचा काटा देता तसा काजळीचा काटा द्या की डॅशबोर्डला.

तेरा_नंबर_पाना

काट्याचं एकदम मान्य. स्कॅनर लावला की काजळी किती भरली ते मला दिसतं, मालकाला फक्त दिवा. काही गाड्यांत रिजनचं बटण दिलंय, काहींत नाही. हे द्यायला कंपन्यांना काही अवघड नाही.

कोरेगावचे_मास्तर

चर्चा यंत्रावरच चालली आहे म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमची शाळा स्टँडला लागून. बीएस-४ च्या काळात ह्या वजनाच्या पिकअपला दर किलोमीटरला ६० मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती, १ एप्रिल २०२० पासून ती ४.५ वर आली. नायट्रोजन ऑक्साइड ३९० वरून १२५. एवढी घट नुसतं इंजिन सुधारून होत नाही, कणांपुरती ती फिल्टरनं होते. फिल्टर पोकळ केला की गाडीच्या पाटीवर बीएस-६ आणि मागून निघणारा धूर जुन्या जमान्यातला. डिझेलच्या धुरानं कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ सालीच जाहीर केलंय. पलूसकरांची गाडी मस्त चालली असेल, पण ती काजळी कुणाच्या तरी पोरांच्या छातीत जाते.

कायद्याचंही सांगतो. गाडीत परवानगीशिवाय असा बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या १८२-अ कलमानुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रदूषणाचं १९०(२) वेगळं, तिथं दहा हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स बाद.

दूधगाडी_पलूस

मास्तर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण पीयूसीला माझी गाडी नेली, पास झाली. सर्टिफिकेट आहे माझ्याकडं.

आणि पोरांच्या छातीचं म्हणाल तर उसाचं पाचट पेटवतात तेव्हा कुठं असतो कायदा? माझ्यापुढं जो ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत काळा धूर सोडत जातो, त्याला डीपीएफ आहे का? नाही. ट्रॅक्टरचा नवा नियम २०२३ ला आला तो पण ५० एचपीच्या वरच्यांना. आमच्या शिवारातले बहुतेक त्याच्या आतलेच. सगळा पर्यावरणाचा भार माझ्या दुधाच्या गाडीवर?

कोरेगावचे_मास्तर

पाचट जाळू नये, ट्रॅक्टरलाही नियम हवा, दोन्ही कबूल. शेजारच्यानं कचरा टाकला म्हणून आपणही टाकायचा, हे मात्र मला पटत नाही. पीयूसीचं म्हणाल तर डिझेल गाडीला तिथं फक्त धुराची दाटी मोजतात, तीही उभ्या गाडीत रेस देऊन. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. तेव्हा त्या सर्टिफिकेटचं मला फार सांगू नका.

मिरजकर_परदेशी

कामानिमित्त अमेरिकेत राहतो. इथले पिकअपवाले आणि ट्रकवाले शब्दाला शब्द हेच भांडण भांडतायत. ऑगस्ट २०२५ मध्ये इथल्या पर्यावरण खात्यानं कंपन्यांना सांगितलं की युरिया संपला किंवा सेन्सर बिघडला की लगेच गाडी लंगडी करू नका, सॉफ्टवेअर बदला, ताकद टप्प्याटप्प्यानं कमी करा. २०२७ च्या मॉडेलपासून नवे डिझेल ट्रक असेच बनवायचे की युरिया संपल्यावर एकदम दम जाणार नाही. वाईकर मुदत मागतायत ती मागणी काही हवेतली नाही.

पण नाण्याची दुसरी बाजू पण बघा. याच देशात इंजिन बनवणाऱ्या कमिन्सला पिकअपच्या इंजिनांत चाचणी चुकवणारं सॉफ्टवेअर टाकल्याच्या आरोपावरून १६७.५ कोटी डॉलरचा दंड कबूल करावा लागला. डिसेंबर २०२३ ची बातमी. कंपनीनं चूक मान्य केली नाही, पैसे मात्र भरले. म्हणजे कंपन्यांवरही आंधळा भरवसा नको.

तासगाव_रात्रपाळी

घ्या, तिकडं कंपन्यांनाच सोडलं नाही, तर पलूसच्या दूधगाडीला कोण सोडणार. सेकंडहँडच्या बाजारात पोकळ गाडी कोण घेणार ते पण बघ लगा. हल्ली घेणारा स्कॅनर घेऊनच येतो.

हिशेबवाली_विटा

आमच्या घरची पिकअप पोल्ट्रीला लागलेली असते. चालवतात ते, हिशेब माझ्याकडं. रस्त्यात गाडी लिम्पला गेली की नुसतं दुरुस्तीचं बिल येत नाही. पक्षी उन्हात मरतात, व्यापारी भाव पाडतो, दुसऱ्याची गाडी भाड्यानं बोलवावी लागते. तो खर्च कुठल्याच सर्व्हिस सेंटरच्या कागदावर दिसत नाही. मास्तरांच्या पोरांची काळजी मलापण आहे, पण हप्ता चुकला तर बँक माझ्या दारात येते.

तरीही फिल्टर काढायच्या मी विरुद्ध आहे, आणि कारण शुद्ध व्यवहाराचं. काढलात की वॉरंटी गेली. उद्या इंजिनात दुसरा काही दोष निघाला तरी कंपनी बोट दाखवणार, "तुम्ही छेडछाड केली." आपल्या हातातला एकमेव दोर आपणच कापायचा का? त्यापेक्षा ग्राहक आयोगात जा. धंद्याची गाडी म्हणून तक्रार चालत नाही असं शोरूमवाले छातीठोक सांगतात, ते अर्धसत्य आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्पष्ट आहे की स्वयंरोजगारातून फक्त स्वतःच्या उदरनिर्वाहासाठी घेतलेली वस्तू व्यापारी वापरात धरायची नाही. एकच गाडी आणि स्वतः चालवणारा मालक असेल तर जिल्हा आयोगाचं दार उघडं आहे. ड्रायव्हर ठेवून चार गाड्या पळवणाऱ्याला अवघड.

वाईकर_पिकअप

ताई, आयोगात सिद्ध काय करणार? ते म्हणणार चालवण्यामुळं झालं.

हिशेबवाली_विटा

म्हणून तर कागद. विकताना सेल्समननं बाजारात, गल्लीबोळात चालेल म्हणूनच गाडी गळ्यात मारलेली असते. मग बाजारात चालवली हा दोष कसा? पण तोंडी बोलून उपयोग नाही. दर वेळी जॉबकार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यायची: घाटात ताकद गेली, अमुक तारीख, इतकं रीडिंग. स्कॅनरचा कोड कागदावर छापून मागायचा, नाही दिला तर स्क्रीनचा फोटो काढायचा. ऑईलची बिलं जपून ठेवायची, म्हणजे तासगावकरांचा आरोप पण तिथंच मिटतो.

दूधगाडी_पलूस

पानासाहेब, एक विचारायचं राहिलं. मी तर काढलंय, पण भावाची गाडी आहे तशी आहे. रिजन चालू आहे हे दिवा नसताना कसं ओळखायचं?

तेरा_नंबर_पाना

उभ्या गाडीत आयडल नेहमीपेक्षा चढलेलं असतं, पंखा जोरात फिरतो, जळका उग्र वास येतो, मायलेज त्या वेळेपुरतं पडतं. असं दिसलं की केंद्रावर चावी बंद करायची नाही. कॅन चढवून थोडं लांबच्या रस्त्यानं, एक गिअर खाली ठेवून चालवायला सांगा. आणि त्या वेळी वाळलेल्या गवतावर किंवा पाचटावर गाडी उभी करू नका, सायलेंसर पेटवून देईल. तुमची गाडी पण एकदा घेऊन या. पोकळ केलेल्या फिल्टरचं काय करता येईल ते बघू, भांडण नंतर करू.

दूधगाडी_पलूस

भावाला सांगतो. माझी नाही आणणार. हंगाम संपेपर्यंत तर नाहीच.

वाईकर_पिकअप

माझं मत आहे तिथंच आहे, मुदत मिळालीच पाहिजे. पण ताईंनी सांगितलं म्हणून डिकीतली सगळी जॉबकार्डं आत्ता काढून बघितली. प्रत्येकावर तक्रारीच्या रकान्यात एकच लिहिलंय: "जनरल चेकअप."