होनिंग आणि पातळ ऑइलने मायलेज वाढतं का?

खरादवाला_सातपूर: काल इंजिन जुळवत होतो. नुसता क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) बसवला तेव्हा हाताने गरगर फिरत होता. चारही पिस्टन रिंगांसकट आत गेले आणि पाना लावल्याशिवाय हलेना! इंजिन स्वतःला फिरवायलाच किती ताकद खातं, ते मनगटाला कळतं. म्हणून म्हणतो, मायलेज हवं तर आधी होनिंग, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीची बारीक घासाई, नीट करून घ्या आणि ऑइल पातळ टाका. डिझेलचे नोझल-पंप नंतर.

गंगापूररोडकर: साफ असहमत. पिस्टनवर आलेल्या ताकदीपैकी ८०-८५ टक्के फुल लोडवर क्रँकला मिळतेच. पण इंधनाच्या उष्णतेचा ढोबळ एक तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि जवळपास तेवढाच रेडिएटरमधून. तुमचं म्हणजे मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा.

खरादवाला_सातपूर: फुल लोडवर, हो! नाशिकच्या द्वारका चौकात गाडी नुसती भुरभुरत उभी असते तेव्हा? सगळी ताकद स्वतःला फिरवण्यातच जाते, म्हणजे यांत्रिक कार्यक्षमता शून्य. लोड कमी झाला तरी घर्षण त्या मानाने कमी होत नाही. शहरात फुल लोड असतो कितीसा?

द्राक्षबाग_दिंडोरी: पातळ ऑइलचं मला सांगू नका. असंच कुणाचं तरी ऐकून जुन्या ट्रॅक्टरला २०डब्ल्यू-४० ऐवजी ५डब्ल्यू-३० टाकलं. ऑक्टोबर छाटणीनंतरची फवारणी, दिवसभर ब्लोअर. इंजिन तापलं, की रेस सोडल्यावर ऑइलचा दिवा लुकलुकायचा. बेअरिंग झिजलेली, प्रेशर धरणार कुठून? जुनं ऑइल परत टाकलं तेव्हा कुठे जिवात जीव आला.

खरादवाला_सातपूर: दादा, ही चूक माझी, आधीच लिहायला हवं होतं. झिजलेल्या इंजिनाला पातळ ऑइल नकोच. नव्यालाही मॅन्युअलमध्ये असेल तीच ग्रेड.

नवशिक्या_९९: मग बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) आरशासारखा चकचकीत केला तर घर्षणच संपेल ना?

खरादवाला_सातपूर: गिऱ्हाईकंही हेच मागतात! आरशावर ऑइल टिकत नाही रे. होनिंगच्या तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा ऑइल धरून ठेवतात. फक्त रेघांची वरची टोकं घासून सपाट करायची. नख फिरवलं तर खरखर जेमतेम जाणवावी.

गंगापूररोडकर: होनिंग पटलं. पण कसारा घाटात भरलेला ट्रक चढवताना माझाच हिशेब खरा. आणि द्वारकेला सिग्नलवर इंजिन बंद केलं तर तुमची ती शून्य कार्यक्षमता फुकटात वाचते. बाय द वे, रिबोअरचे किती घेता?