अँबॅसेडरचं मागचं हब ऑइल सील गळतंय, कोल्हापुरात कोण नीट करून देईल?

मार्क४_शाहूपुरी:
नमस्कार मंडळी. घरची १९८६ ची अँबॅसेडर आहे, मार्क ४, पेट्रोल, वडिलांनी नवीन घेतलेली. महिनाभर झालं मागच्या डाव्या चाकातनं ऑइल पाझरतंय, टायरच्या आतल्या बाजूला काळे ओघळ आलेत आणि आता ब्रेक मारला की गाडी उजवीकडं ओढतेय. येत्या पौर्णिमेला आईला घेऊन नरसोबाच्या वाडीला जायचंय, म्हणजे हातात दोन आठवडे. बजेट सगळं धरून ३००० रुपये, त्याच्या वर खरंच जमणार नाही. विचारायचं एवढंच की ऑइल अडवणारं रबरी सील कुठं मिळेल, एकच बाजू केली तर चालेल का, आणि उद्यमनगरात जुन्या गाड्यांची सवय असलेला मिस्त्री कोण आहे का?

घाटाचा_राजा:
भावा सील बिल बदलत बसू नको, मागच्या ॲक्सलची अख्खी हाउसिंगच, म्हणजे बाहेरचं कवचच, बदलून टाक. मी माझ्या गाडीला भंगारातनं चांगली हाउसिंग आणली, डिफरन्शिअलसकट, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांसकट, सगळं मिळून १८ हजार गेले पण गगनबावड्याचा घाट आता टॉपमध्ये चढतोय, एक थेंब गळत नाही. एकदाच खर्च कर आणि निवांत रहा.

मार्क४_शाहूपुरी:
दादा बजेट ३००० आहे.

घाटाचा_राजा:
हो वाचलं की. पण जुन्या गाडीत ३००० नं काय होतंय?

टर्नर_उद्यमनगर:
पहिलं ते गिअर ऑइलच आहे का ते बघा साहेब, मग खर्चाचं बोलू. बोटावर घेऊन वास घ्या. ९० नंबरचं ऑइल दाट असतंय आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. पातळ असेल आणि ड्रमच्या पत्र्याचा रंग सुटला असेल तर ते ब्रेक ऑइल, म्हणजे व्हील सिलिंडर गेलाय, सीलचा काही संबंध नाही. दुसरं म्हणजे ओघळ कुठं आहेत ते बघा. ड्रमच्या बाहेरच्या तोंडावर, चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या फ्लँजभोवती, म्हणजे टोकाच्या चकतीभोवती असतील तर तिथली कागदी पॅकिंग गेलीय. आत ब्रेकच्या लायनरवर, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या पट्टीवर, आणि मागच्या प्लेटवर असतील तरच सील. आमच्याकडं अर्धी माणसं सील बदलायला येतात आणि निघतंय भलतंच.

पद्मिनीप्रेमी_राजारामपुरी:
फियाटला असला त्रास कधीच नाही. वडिलांच्या पद्मिनीला २५ वर्षांत एकदा मागचं चाक उघडलं असेल.

घाटाचा_राजा:
फियाटमध्ये पाच माणसं आणि जोतिबाचे नारळ घालून दाखवा, मग बोलू.

पद्मिनीप्रेमी_राजारामपुरी:
आम्ही सात जण जात होतो जोतिबाला, वर ताईची मुलगी मांडीवर. फोटो आहे घरात.

निवृत्त_फिटर_काका:
बाळांनो भांडू नका, पोराला काम सांगा. अँबॅसेडरचा मागचा ॲक्सल थ्री क्वार्टर फ्लोटिंग आहे, म्हणजे हब बेरिंगवर हाउसिंगच्या टोकाला बसतो आणि शाफ्ट नुसता फिरवायचं काम करतो. म्हणून काम अवघड नाही. चाक काढायचं, ड्रम काढायचा, शाफ्टचा स्क्रू काढून शाफ्ट बाहेर ओढायचा, मग लॉक वायसरची जीभ सरळ करून मोठा नट सोडायचा आणि पुलर, म्हणजे ओढून काढायचं अवजार, लावून हब काढायचा. नटावर छिन्नी-हातोडा चालवू नको, बरोबर मापाचा पाना कुणाकडनं तरी माग. आणि जोर लावायच्या आधी आटे बघ, मी हाताळलेल्या गाड्यांत डाव्या बाजूच्या नटाला उलटे आटे होते. न बघता लांब पाइप लावून ओढलं तर आटेच जातात आणि मग हाउसिंग टर्नरकडं न्यावी लागते.

शिरोली_नाका:
काका म्हणतात ते बरोबर, छिन्नी लावू नका. आणि माझ्यावर जे बेतलं ते सांगतो. मी हँडब्रेक सोडला होता कारण ड्रम निघत नव्हता, आणि गिअर टाकून ठेवला होता, म्हटलं गाडी कुठं जातेय. शाफ्ट ओढला आणि गाडी हळूच सरकली, जॅक तिरका झाला. एका बाजूचा शाफ्ट काढला की डिफरन्शिअलमुळं दुसरं चाक मोकळं फिरतं, गिअरचा काही उपयोग राहत नाही. माझा हात आत होता, थोडक्यात वाचला. पुढच्या दोन्ही चाकांना पुढनं-मागनं दगड लावा आणि नुसत्या जॅकवर काम करूच नका, हाउसिंगखाली घोडी, म्हणजे लोखंडी स्टँड, लावा.

मार्क४_शाहूपुरी:
हे कुणी सांगितलंच नव्हतं, लई उपकार झाले. वास बघितला, गंधकासारखाच आहे. ओघळ आतल्या बाजूलाच आहेत. म्हणजे सीलच.

लायनर_दादा:
पेट्रोलनं लायनर धुवा, वर पॉलिश पेपर मारा, झालं. पैसे वाचतील.

टर्नर_उद्यमनगर:
नका करू. ऑइल लायनरच्या आत मुरलेलं असतं, वरनं कोरडं दिसतं आणि ड्रम तापला की परत बाहेर येतं. ब्रेक आहे तो. दोन्ही बाजूंचे लायनर एकदम बदला, एका बाजूला नवे आणि एका बाजूला जुने ठेवले तर परत ओढणार.

लायनर_दादा:
मी तीन वर्षं असंच चालवतोय, काही झालं नाही.

निवृत्त_फिटर_काका:
झालं नाही म्हणून होणार नाही असं नसतं रे. आणि जुन्या लायनरच्या पावडरीत ॲस्बेस्टॉस असू शकतो, फुंकर मारू नका, हवा मारू नका, ओल्या फडक्यानं पुसा.

पंचगंगा_काठ:
२०१९ च्या पुरात आमची गाडी तीन दिवस पाण्यात होती. नंतर दोन सीलं बदलली, दोन्ही सहा महिन्यांत गळली. मिस्त्री म्हणायचा सील खराब, मी म्हणायचो मिस्त्री खराब. शेवटी एका म्हाताऱ्या माणसानं हाउसिंगच्या वरचा ब्रीदर, म्हणजे हवा जायची बारीक तोटी, काढून दाखवला, चिखलानं पार बंद. गाडी तापली की आतली हवा फुगते, तिला बाहेर जायला वाट नाही, मग ती ऑइलला सीलमधनं ढकलते. तारेनं साफ केला आणि गळती थांबली. भावा सील नंतर बघ, आधी ब्रीदर बघ.

घाटाचा_राजा:
ब्रीदरनं असं काही होत नाही, हाउसिंगच बदलायला पाहिजे.

पंचगंगा_काठ:
माझ्या गाडीत झालं म्हणून सांगतोय. तुझी हाउसिंग बदलली तेव्हा ब्रीदर पण नवाच आला ना?

टर्नर_उद्यमनगर:
ब्रीदरचं खरं आहे. अजून एक, ऑइल जास्त भरलं तरी गळतं. गाडी सपाट जागेवर उभी करून फिलर प्लगच्या भोकापर्यंतच भरायचं. एक बाजू जॅकवर असताना भरलं तर माप चुकतं. आणि सील जिथं घासतं तिथं बोट फिरवून बघा. नखाला चर लागला तर नवं सील पण गळणार. तिथं पातळ स्लीव्ह बसवता येते नाहीतर भाग लेथवर घ्यावा लागतो, माझ्याकडं आणा, दोन दिवसांत करून देतो.

रंकाळा_रायडर:
आधी ब्रीदर बघा आणि पेट्रोलनं धुऊ नका. दोन्ही बाजूंची सीलं बदला, एकाच वेळी उघडलेलं बरं. बेरिंग पण बदला.

शिरोली_नाका:
सगळं वर सांगून झालंय की. पण दोन्ही बाजूचं मी पण म्हणतो.

जुन्या_गाड्यांचा_नाद:
दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते तेव्हा बघा, इतकी वर्षं जुनी गाडी, पण जपलेली म्हणून चालते. कोल्हापुरात गाडी जपायची सवय आहे आपल्याकडं. त्यामुळं स्वस्तातलं करू नका, दोन्ही बाजूची सीलं आणि बेरिंगं बदला, माझं ऐका.

निवृत्त_फिटर_काका:
सील घ्यायला जुनं सील नीट पुसून न्या, त्यावर माप कोरलेलं असतं, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. गाडी इंचातली आहे, जवळचं मिलिमीटरचं देऊन वाटेला लावतील, सैल बसेल. बसवताना स्प्रिंगची बाजू ऑइलकडं, म्हणजे बेरिंगकडं, आणि ओठाला थोडं ऑइल लावून बसवा, कोरडं बसवलं तर पहिल्याच फेरीत जळतं. शाफ्टच्या फ्लँजची कागदी पॅकिंग नवी घ्या, पण जाडी तेवढीच ठेवा. जाड घातली तर बेरिंग नीट दाबून बसत नाही.

मार्क४_शाहूपुरी:
काम झालं, सांगतो कसं झालं ते. शेजारचे एक काका एसटीच्या वर्कशॉपमधनं निवृत्त झालेत, त्यांना घेऊन वाड्याच्या अंगणातच केलं, फरशी सपाट आहे. पुढच्या चाकांना दगड, हाउसिंगखाली घोडी. डाव्या नटाला खरंच उलटे आटे होते. ब्रीदर काढला तर आत गाळ सुकून दगड झालेला, पंचगंगावाल्या दादांचं तंतोतंत खरं निघालं. ऑइलपण प्लगच्या वर होतं, मागच्या वेळी कुणीतरी ओतून ठेवलेलं.

सीलच्या जागेवर बारीक चर होता, नखाला लागत होता. टर्नरदादा, तुमच्याकडं आणायचं मनात होतं पण बजेट बसेना आणि पौर्णिमा जवळ आली. काकांनी सील पूर्ण आत न ठोकता दीड मिलिमीटर बाहेर ठेवून बसवलं, म्हणजे ओठ जुन्या चराच्या शेजारी कोऱ्या जागेवर येतो. लायनर दोन्ही बाजूंचे नवे. बेरिंग फिरवून बघितलं, आवाज नाही, ढिलाई नाही, तेच ठेवलं. उजव्या बाजूचं सील बदललं नाही, तिथं कोरडं आहे आणि कोरडी जागा उघडायला माझं मन होत नाही. सील, पॅकिंग, लायनर, ऑइल आणि भाड्याचा पुलर मिळून ३३५० झाले, काकांनी मजुरी घेतली नाही, आईनं त्यांच्या घरी पुरणपोळ्या पाठवल्या.

वाडीला जाऊन आलो. ब्रेक सरळ लागतोय. घरी आल्यावर चाकाखाली पांढरा कागद रात्रभर ठेवला, सकाळी कोरडा.

टर्नर_उद्यमनगर:
दीड मिलिमीटरवाली युक्ती चालते, पण सील वाकडं बसलं नसेल याची खात्री करा. महिन्यानं परत कागद ठेवून बघा.

जुन्या_गाड्यांचा_नाद:
उजवी बाजू पण करायला पाहिजे होती.

घाटाचा_राजा:
पावसाळ्यात परत गळंल, तेव्हा हाउसिंगसाठी मला फोन कर.